माशांच्या पेटीआधी तिची घडवंची

शोभिवंत मासे पाळण्याच्या जोडधंद्याकडे गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबे वळली आहेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपन घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरण्यात आला, आणि त्यावर सर्वसाधारण अर्जदारांस ४० टक्के व स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांस ६० टक्के अनुदान ठरविण्यात आले. तेव्हापासून मासे, खाद्य, रोग आणि पाण्याचे गुणधर्म यांविषयी आपल्या शिबिरांतून बरेच बोलले जाते. परंतु काचेची मोठी पेटी ज्यावर उभी राहावयाची त्या घडवंचीविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. मीही काढीत नसे. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहिला आहे असे समजावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी एका बाईंनी एंजल माशांच्या जोड्या तयार करण्याचे काम हाती घेतले होते. पिले वाढविण्यासाठी अंगणात सिमेंटच्या टाक्या होत्या, आणि निवडलेल्या मोठ्या माशांसाठी पडवीत चार फूट लांबीची काचेची पेटी होती. ही पेटी मुलाच्या अभ्यासाच्या जुन्या टेबलावर ठेवली होती. टेबलाचे तीन पाय फरशीवर होते, चौथा मात्र फरशी संपते तेथे, सारवलेल्या जमिनीवर. वैशाखात मी तेथे गेलो तेव्हा मासे पाहिले, पाणी पाहिले, खाद्याची वही पाहिली आणि समाधान व्यक्त करून परतलो. टेबल मी पाहिले, पण त्याबद्दल बोललो नाही. आषाढात पडवीत ओल आली, चौथा पाय बोटभर खचला आणि एका रात्री पेटीचा तळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला. सकाळपर्यंत सारे पाणी अंगणात गेले होते. तयार जोड्यांपैकी एकही मासा वाचला नाही. त्या पडवीतच घरातील दोन मुले निजत असत. त्या रात्री ती आजोळी होती.

घरातील मंडळींचे म्हणणे पडले की काच वाईट निघाली. ज्याच्या घरी पेटी फुटते तो असेच म्हणतो, आणि दुसरी पेटी आणून त्याच टेबलावर ठेवतो. माझ्या मते अशा दहा प्रसंगांपैकी बहुतेकांत काच निर्दोष असते. दोष पायाखाली असतो.

प्रथम वजनाचा विचार करू. पेटीची लांबी, रुंदी व उंची फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास २८ ने गुणावे. पाण्याचे वजन किलोत मिळते. घनफूटभर पाणी सुमारे २८ लिटर भरते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढेच या हिशेबामागील मर्म. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत ३३६ किलो पाणी मावते. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे ६५ किलो, आणि तळातील वाळू व दगड ४० ते ५० किलो. सर्व मिळून साडेचार क्विंटल, म्हणजे धान्याची ५० किलोची नऊ पोती. ही नऊ पोती सहा चौरस फुटांच्या जागेवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे उभी राहणार आहेत. त्या अभ्यासाच्या टेबलावर एवढी पोती रचण्याचे कोणाही शेतकऱ्याच्या मनात आले नसते. पाणी मात्र बादलीबादलीने भरले जाते आणि स्वच्छ दिसते, म्हणून त्याचे ओझे डोळ्यांस जाणवत नाही.

आणखी एक फसगत होते. सुरुवातीस बहुतेकजण दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी लहान पेटी आणतात. तिच्यात ५६ किलो पाणी असते आणि ते कोणतेही धडके टेबल पेलते. पुढे हौस व धंदा दोन्ही वाढतात आणि प्रत्येक माप दुप्पट असलेली पेटी येते. मापे दुप्पट झाली म्हणून ओझेही दुप्पट झाले असेल असा समज होतो. प्रत्यक्षात ते आठपट होते. ५६ चे ४४८ किलो होतात, तेही केवळ पाण्याचे.

ओझे पेलणे हा घडवंचीच्या कामाचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक नाजूक आहे. पूर्वीच्या माशांच्या पेट्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत लांबीने काचा बसवून केलेल्या असत. ती चौकट स्वतःच ताठ असल्याने खालच्या आधारातील थोडाफार उंचसखलपणा ती सोसून नेई. आजची पेटी निव्वळ काच व सिलिकॉन यांची असते. काच दाबास भक्कम, पण पीळ तिला मुळीच सोसत नाही. बैलगाडीचे एक चाक खड्ड्यात गेले तर साटा थोडा पिळवटतो, करकरतो आणि पुढे चालू लागतो, कारण लाकूड वाकते. काचेस वाकणे ठाऊक नाही. चार कोपऱ्यांपैकी एकाचा आधार दोन-तीन मिलिमीटरने सुटला, तरी तळाच्या काचेत ताण बसतो. ती लगेच फुटत नाही. आठवड्याने फुटते किंवा सांध्याचे सिलिकॉन सुटू लागते, आणि तोपर्यंत घडवंचीवर संशय घेण्याचे कोणास सुचत नाही.

म्हणून काम जमिनीपासून सुरू करावे. सारवलेल्या जमिनीवर मोठी पेटी थेट ठेवूच नये. घडवंचीच्या जागेपेक्षा वीतभर अधिक रुंद असा चर फूटभर खोल खणावा, त्यात दगडगोटे व मुरूम थराथराने घालून पाणी मारावे, प्रत्येक थर धुमसाने ठोकावा आणि वर सपाट फरशी बसवावी. घर बांधताना जोत्याची जी काळजी आपण घेतो तीच येथे लहान प्रमाणात घ्यावयाची आहे. पागोळ्यांचे पाणी जेथे मुरते त्या भिंतीलगत ही जागा धरू नये. माडीवर व लाकडी तक्तपोशीवर तर मोठी पेटी नेण्याचा विचारच सोडावा. राहत्या घराच्या मजल्याचा आराखडा करताना माणसे, सामान इत्यादींसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरण्याचा भारतीय मानकाचा दंडक आहे. आपली पेटी स्वतःच्या पायाखालच्या जागेवर त्याच हिशेबाने ८०० किलो घालते. सिमेंटच्या छतावर ठेवणे भागच असेल, तर इंजिनिअरला विचारून तुळईजवळची जागा निवडावी.

घडवंची कोणी करावी, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: गावच्या सुताराने. शहरातील दुकानांत पेटीबरोबर दाबीव भुशाच्या फळ्यांचे गुळगुळीत कपाट मिळते. दिसावयास ते सुरेख असते. परंतु आपल्या पावसाळ्यात, आणि पेटीतून रोज थोडेफार पाणी सांडणाऱ्या घरात, त्या फळ्या पावासारख्या फुगतात आणि स्क्रू जागच्या जागी निखळतात. मला ती फळी माशांच्या पेटीखाली कोठेही नको आहे. नांगर व गाडी करणाऱ्या सुताराच्या हातास ओझ्याची जाण असते. ट्रॅक्टर आल्यापासून ती कामे कमी झाली आहेत. तेव्हा हे नवे काम त्याच्याकडे गेले तर वाईट काय? मात्र त्यास वजनाचा आकडा सांगितला पाहिजे. तो बिचारा रिकामी पेटी पाहतो आणि तिच्या मानाने पाय ठरवितो. ‘साडेचार क्विंटल’ हा शब्द कानी पडताच तो हातातील लाकूड खाली ठेवून दुसरे उचलील.

लाकूड सागाचे मिळाले तर उत्तमच. कोकणात ऐन वा किंजळ, देशावर चांगले मुरलेले बाभळीचे लाकूड ही कामे सहज करील. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण तिला कीड लवकर लागते. ती येथे वापरू नये. ओले लाकूड तर मुळीच घेऊ नये. ते वाळताना पिळवटते आणि त्याबरोबर पेटीस पिळते.

चार फुटी पेटीसाठी तीन इंच चौरस असे चार पाय आणि चार इंच उंच व दोन इंच जाड अशा आडव्या तुळया पुरेशा होतात. तुळई उभी ठेवावी, म्हणजे चार इंचांची बाजू वरखाली यावी. तीच तुळई आडवी घातली तर तिचा ताठपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. छपराचे वासे आपण उभेच घालतो, त्यामागील कारण हेच. परंतु सर्वांत महत्त्वाचे बोलणे सुताराशी करावयाचे ते सांध्याविषयी. तुळई पायाच्या डोक्यावर बसली पाहिजे, किंवा पायास खाच पाडून त्या खाचेत टेकली पाहिजे. पायाच्या कुशीस तुळई लावून खिळे वा स्क्रू ठोकले, तर साडेचार क्विंटल ओझे त्या चार-सहा खिळ्यांवर लोंबकळत राहते. लाकडाने लाकडावर टेकावे. खिळ्याचे काम फक्त ते जागेवर धरून ठेवण्याचे. मी पाहिलेल्या सदोष घडवंच्यांपैकी निम्म्यांहून अधिक याच एका ठिकाणी चुकलेल्या होत्या.

यानंतर डोलण्याचा प्रश्न येतो. पाय कितीही जाड असले तरी चार पाय व वरची चौकट एवढ्यावर घडवंची बाजूस झुकू शकते. मागील बाजूस व दोन्ही कुशींस कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपी पट्टी मारावी, किंवा मागील बाजू प्लायवूडने बंद करावी. गोठ्याच्या मेढींना आपण तिरपे टेकू देतो, तसेच हे. उंची दोन फुटांपेक्षा फार अधिक नसावी. घरात लहान मूल असेल तर ते एक दिवस पेटीच्या काठास धरून वर चढणारच, असे गृहीत धरून घडवंची बांधावी. पायांची कापीव टोके ओल शोषतात आणि वाळवीही तेथूनच चढते. म्हणून त्यांना डांबर फासावे व प्रत्येक पायाखाली सपाट दगड द्यावा. बाकी लाकडास तेलरंग द्यावा व तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत मासे जवळ आणू नयेत.

चार फुटांहून लांब पेटीस मधे आणखी दोन पाय लागतात. येथे एक सावधगिरी हवी. मधला पाय केसभर जरी उंच राहिला, तरी पेटी त्याच्यावर तराजूसारखी तोलली जाते आणि मधोमध फुटते. मधले पाय सर्वांत शेवटी, माप घेऊन बसवावेत.

जेथे जांभा दगड जवळ मिळतो, तेथे माझी पसंती लाकडापेक्षाही जांभ्याच्या घडवंचीस आहे. ठोकलेल्या पायावर जांभ्याचे तीन खांब सिमेंटात बांधावे आणि वर कडप्प्याची किंवा शहाबादी फरशी टाकावी. वाळवी नाही, ओलीचे भय नाही, आणि हे काम गावचा गवंडी करतो. दोनच खांबांवर फरशी टाकण्याचा मोह मात्र आवरावा. दगड दाबास पक्का पण वाकण्यास कच्चा असतो. चार फुटांच्या पल्ल्यावर तो अधांतरी राहिला की एक दिवस मधोमध तुटतो. ही घडवंची जागची हलविता येत नाही, हा तिचा एक दोष. पण भरलेली पेटी तरी कोण हलवितो?

लोखंडी घडवंची वर्कशॉपमधून करून घेणारेही पुष्कळ आहेत. तीस माझा विरोध नाही. जोडताना उष्णतेने चौकट पिळवटते व ती तशीच रंगवून दिली जाते, एवढे ध्यानात ठेवून ताबा घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे घट्ट ताणावेत. मधोमध ते एकमेकांस जेमतेम स्पर्श करीत असतील तर चौकट एका पातळीत आहे. त्यांच्यात अंतर राहिले, किंवा एकाने दुसऱ्यास दाबले, तर चौकटीत पीळ आहे. ती परत करावी. लाकडी घडवंचीसही हीच परीक्षा लावावी. लोखंडी पायांची टोके बारीक असतात व फरशीत रुततात, म्हणून त्यांखाली हातभर रुंदीच्या लोखंडी पट्ट्या किंवा जाड फळ्या द्याव्यात. रंगापूर्वी रेड ऑक्साइडचा हात हवाच.

पातळी पाहण्यास पाणसळ वापरावी. ती नसल्यास गवंडी वापरतो तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन टोकांची पातळी जुळवावी. जे कमीअधिक निघेल ते घडवंचीच्या पायाखाली पाचर देऊन दुरुस्त करावे, पेटीखाली कधीही नव्हे. घडवंचीवर पाऊण इंच जाडीचा, पाण्यात न फुगणारा प्लायवूड व त्यावर अर्धा इंच जाडीचा थर्माकोल पसरावा. काचेखाली एक खडा राहिला तरी तेथून तडा जातो. थर्माकोल तो खडा पोटात घेतो. पेटीच्या तळाभोवती प्लॅस्टिकची कडा असून तळाची काच त्या कडेच्या आत उचललेली असेल, तर मात्र थर्माकोल घालू नये. ती पेटी कडेवरच टेकली पाहिजे.

विजेची खुंटी घडवंचीच्या मागे, पाणी ओघळेल अशा जागी नसावी. तार खुंटीपर्यंत नेताना तिला खुंटीच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकून पडेल. हवेचा पंप घडवंचीच्या खालच्या फळीवर ठेवण्याची रीत पडली आहे. वीज गेली की पाणी नळीतून उलट खाली येऊन पंपात शिरते. त्यास पेटीतील पाण्याहून उंच अशी भिंतीवरील लहान फळी हवी.

आता एक आक्षेप. काहीजण विचारतात, पेटी जमिनीवरच ठेवली तर ही सारी यातायात कशासाठी? पिले वाढविण्याच्या टाक्या जमिनीवर ठेवणे योग्यच आहे. परंतु काचेच्या पेटीतील घाण पाणी नळीने काढावयाचे तर नळीचे दुसरे टोक पेटीच्या तळापेक्षा खाली गेले पाहिजे, आणि जमिनीवरील पेटीस खाली जागाच नसते. मग बाईमाणसे वाकून तांब्यातांब्याने पाणी उपसतात. आठवड्यातून दोनदा हे करणाऱ्या पाठीस विचारून पाहावे. शिवाय गिऱ्हाईक उभे राहून मासे पाहते, आणि जे डोळ्यांसमोर येते तेच त्याला भावते.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. प्रकल्पाचा कागद भरताना अर्जदार पेट्या, पंप, मासे व खाद्य यांचे आकडे मांडतात आणि घडवंची ‘घरातले काहीतरी आहे’ म्हणून सोडून देतात. पुढे हातात पैसा उरत नाही आणि खरोखरच घरातले काहीतरी पेटीखाली जाते. यात अर्जदाराचा दोष थोडा आहे. तो कागद आपणच त्याच्या शेजारी बसून भरतो. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने घडवंचीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घ्यावा, आणि तो परवडत नसेल तर पेटी लहान करावी, घडवंची हलकी करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन फुटी चार पेट्या, प्रत्येकीचे पाणी ५६ किलो, चार साध्या घडवंच्यांवर ठेवल्या तर एक फुटली तरी तिघींतील मासे वाचतात. मोठ्या पेटीची शोभा त्यांना नाही, पण नवशिक्यास मी तोच मार्ग सुचवीन.

घडवंची तयार झाल्यावर तिची परीक्षा पाहावी. तिच्यावर ५० किलोची पाच पोती आडवी रचून एक रात्र ठेवावी. हे भरलेल्या पेटीच्या निम्मे ओझे झाले. सकाळी कुशीकडून हाताने ढकलून पाहावे. ती करकरली वा डोलली, तर सुतारास पुन्हा बोलवावे. मग रिकामी पेटी ठेवून एकतृतीयांश पाणी भरावे, रात्र जाऊ द्यावी, पाणसळ लावावी, पुन्हा तितकेच भरावे. पेटी पूर्ण भरल्यावर पाण्याच्या रेषेचे अंतर दोन्ही टोकांस काठापासून मोजावे. चार फुटांत दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक दिसला तर पाणी काढून पाया दुरुस्त करावा. भरलेल्या पेटीखाली पहार घालून ती उचलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यानंतर सात दिवस पेटी माशांवाचून तशीच उभी ठेवावी. हे शेवटचे कोणी पाळत नाही. मासे पिशवीतून घरी आलेले असतात आणि सर्वांस घाई झालेली असते. म्हणूनच मासे आणण्याचा दिवस घडवंचीची परीक्षा झाल्यावर ठरवावा.

त्या बाईंच्या पडवीत यंदा जांभ्याचे तीन खांब उभे राहिले आहेत. पाया खणताना मी तेथे होतो. मुलांच्या निजण्याची जागा त्यांनी माजघरात नेली आहे. मागील आठवड्यात गेलो तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली होती आणि तीत एकही मासा नव्हता. धाकट्या मुलीने मला विचारले, ‘काका, मासे कधी येणार?’ मी काही बोलण्याआधी आतून तिच्या आईने उत्तर दिले, ‘अजून दोन दिवस आहेत.’